मैदान, पेपर आणि झोप

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सैन्य किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचा दिवस दोन भागांत वाटलेला असतो: पहाटे ग्राउंड आणि दुपारनंतर पेपर. ग्राउंड म्हणजे सोळाशे मीटर धावणे, बीम (आडव्या दांडीला लटकून अंग वर खेचणे), नऊ फुटी खड्डा ओलांडणे, गोळाफेक. पेपर म्हणजे गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान. दोन्हींचे शिक्षक वेगळे, वेळापत्रक वेगळे, पुष्कळ ठिकाणी फीसुद्धा वेगळी. एक तयारी शरीराची आणि दुसरी डोक्याची, त्या दोघींचा एकमेकींशी संबंध एवढाच की दोन्हींत पास व्हायचे आहे, ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे मुलांचे ग्राउंडही बिघडते आणि पेपरही बिघडतो, आणि ती दुरुस्त करणे हे अकॅडमी चालवणाऱ्यांइतकेच शाळांचे, पालकांचे आणि जिल्हा प्रशासनाचेही काम आहे.

हा प्रश्न आपल्याकडे मूठभरांचा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली, आणि १९७१ च्या युद्धातल्या विजयाची आठवण कराडमध्ये दर डिसेंबरात जाहीर सोहळ्याने जागवली जाते. या परंपरेचा अभिमान खराच आहे, पण त्यामागे रोजीरोटीचा हिशेबही आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पावसाने पाठ फिरवलेल्या तालुक्यांत दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर घर चालत नाही, तेव्हा दहावी-बारावी झालेल्या मुलापुढे वर्दी हाच सर्वांत सरळ रस्ता असतो. म्हणून गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे मुले धावताना दिसतात, आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या पाट्या लागल्या आहेत.

आता निवडीची पद्धत पाहू. लष्कराच्या अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी संगणकावर सामाईक प्रवेश परीक्षा होते आणि तिच्यातून वर आलेल्यांनाच मैदानावर बोलावले जाते. जनरल ड्यूटी म्हणजे सर्वसाधारण जवानाच्या पदासाठी एका तासात ५० प्रश्न आणि १०० गुण, मैदानावर १.६ किलोमीटर धावण्याला जास्तीत जास्त ६० आणि दहा बीमला ४०. राज्याच्या पोलीस भरतीत क्रम उलटा आहे: आधी ५० गुणांचे मैदान, मग १०० गुणांची लेखी परीक्षा. एकच मुलगा दोन्हींचे अर्ज भरतो, त्यामुळे कोणती तारीख आधी लागेल याचा नेम नसल्याने तो वर्षभर दोन्ही आघाड्यांवर सारखाच ताणलेला राहतो. पहाटे चारला शिट्टी वाजते, कारण ‘फौजेत चारलाच उठावे लागते’. आणि रात्री अकरा-साडेअकरापर्यंत दिवे चालू असतात, कारण ‘पेपरला कट ऑफ वर गेला आहे’. या दोन्ही वाक्यांत काही खोटे नाही. मात्र दोन्ही एकाच वेळापत्रकात एकाच मुलावर लादली की त्याच्या वाट्याला पाच तासांची झोपही धड येत नाही.

शरीराचा आणि बुद्धीचा संबंध किती घट्ट आहे, याचा सर्वांत मोठा पुरावा सैन्यभरतीतूनच मिळालेला आहे. स्वीडनमध्ये सगळ्या तरुणांना लष्करी सेवा सक्तीची होती तेव्हा अठराव्या वर्षी प्रत्येक तरुणाची तपासणी होत असे. सायकलवर बसवून त्याच्या हृदय-फुप्फुसांचा दम मोजला जाई, हाताची मूठ, कोपर आणि गुडघ्याची ताकद मोजली जाई, आणि त्याच तपासणीत तर्क, भाषा, आकृत्यांची समज आणि तांत्रिक आकलन यांच्या चाचण्याही होत. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या १२ लाखांहून अधिक तरुणांच्या या नोंदी संशोधकांनी एकत्र तपासल्या आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा दम चांगला, त्यांचे बुद्धिमत्ता चाचणीतले गुणही सरासरीने चांगले होते. स्नायूंच्या ताकदीचा बुद्धीशी असा संबंध मात्र अगदी क्षीण दिसला. ही गोष्ट आपल्या मुलांनी मनावर घ्यावी, कारण गेल्या काही वर्षांत भरतीच्या तयारीतही आरशासमोरच्या दंडांना नको इतके महत्त्व आले आहे, आणि धावण्याआधी इंजेक्शन टोचून घेण्यापर्यंत काहींची मजल गेल्याचे भरतीच्या मैदानांवर उघडकीला आले आहे.

या अभ्यासावर पहिली शंका येते ती रास्तच आहे. ज्या घरात खायला-प्यायला बरे आहे, आईवडील शिकलेले आहेत, तिथला मुलगा धावण्यातही पुढे असतो आणि अभ्यासातही. मग धावण्यामुळे बुद्धी वाढली असे कशावरून म्हणायचे? संशोधकांनी ही शंका दोन बाजूंनी तपासली. त्यांनी जुळ्या भावांच्या नोंदी वेगळ्या काढल्या, आणि दम व बुद्धी यांच्यातल्या संबंधात आनुवंशिकतेचा वाटा थोडा, तर प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवाचा आणि सवयींचा वाटा बराच मोठा असल्याचे त्यांना आढळले. शिवाय पंधराव्या वर्षी शाळेत शारीरिक शिक्षणात मिळालेली श्रेणी आणि अठराव्या वर्षीचा दम यांची तुलना केली, तेव्हा या तीन वर्षांत ज्यांचा दम वाढला त्यांचे गुण, ज्यांचा घटला त्यांच्यापेक्षा वरचढ निघाले. एवढ्यावरून कारण आणि परिणाम कायमचे सिद्ध होतात असे मी म्हणणार नाही. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासाची मर्यादा त्यालाही आहे. पण पंधरा ते अठरा हे वय निर्णायक आहे, हा इशारा त्यातून स्पष्ट मिळतो. आपल्याकडे नेमक्या याच वयात, दहावीच्या वर्षी, शाळेतला खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी घेतला जातो.

असे का होत असावे, याचेही धागेदोरे बऱ्यापैकी हाती आले आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर स्वस्थ असतानाही तो एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खर्च करतो. त्याला रक्ताचा आणि प्राणवायूचा पुरवठा सतत आणि मुबलक लागतो. नियमित दमाच्या व्यायामाने हा पुरवठा सुधारतो, आणि चेतापेशींची वाढ व त्यांची जोडणी यांना पोषक ठरणारी प्रथिने मेंदूत वाढतात. अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर एक वर्षभर प्रयोग झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी नेमाने चालण्याचा व्यायाम केला, निम्म्यांनी फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांच्या मेंदूत स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, तर दुसऱ्या गटात ते घटले. हा प्रयोग म्हाताऱ्यांवरचा आहे, तो जसाच्या तसा अठरा वर्षांच्या मुलाला लावता येणार नाही. तरी हा बदल घडवायला कोणताही पराक्रम लागला नाही, नेमाने चालणे पुरले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

इथे आपल्या ग्राउंडच्या पद्धतीकडे वळायला हवे. पुष्कळ अकॅडम्यांत रोज स्टॉपवॉच लावून सोळाशे पळवले जाते. रोज परीक्षा, रोज वेळ, रोज कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी करण्याची धडपड. यवतेश्वरच्या घाटात पहाटे गेलात, तर निम्मी मुले छातीवर हात धरून कठड्याला टेकलेली दिसतात. दम वाढवण्याचा मार्ग असा नाही. लांब पल्ल्याचे चांगले धावपटू आपल्या सरावातला मोठा हिस्सा सोबत्याशी बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने करतात आणि आठवड्यातले मोजकेच दिवस अंगावर येणाऱ्या वेगासाठी राखून ठेवतात. माणमधल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, त्यामागेही वर्षांनुवर्षे टप्प्याटप्प्याने वाढवलेला सराव होता. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे शहरातले डॉक्टर, वकील, गृहिणी असे कितीतरी लोक हे शास्त्र शिकले, हृदयाचे ठोके मोजून धावू लागले. त्याच घाटात भरतीची मुले मात्र अजून शिट्टीच्या धाकाने पळतात, हे मला खटकते.

मी अशा मुलांना गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. माझा तास दुपारी तीनचा, पत्र्याच्या शेडमध्ये. मुले खाली मान घालतात ती अभ्यासात की झोपेत, हे पहिल्या बाकाजवळ गेल्याशिवाय कळत नाही. त्यांच्या चुका वर्षानुवर्षे तपासताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सूत्र न आल्यामुळे जितके गुण जातात, त्याहून अधिक गुण प्रश्न पुरता न वाचल्यामुळे जातात. ‘खालीलपैकी कोणते विधान चूक आहे?’ असा प्रश्न असेल तर मुलगा पहिले बरोबर विधान दिसताच त्यावर खूण करून पुढे सरकतो. दहिवडीकडचा एक मुलगा, सोळाशे आरामात सव्वापाच मिनिटांच्या आत काढणारा, हीच चूक पुन्हा पुन्हा करीत असे. पावसाळ्यात एकदा मैदानात चिखल झाल्याने ग्राउंड दोन-तीन दिवस बंद राहिले, मुले सकाळी पोटभर झोपून वर्गात आली, आणि मी तोच जुना पेपर पुन्हा दिला. त्याने जवळजवळ सगळे असे प्रश्न बरोबर सोडवले. मी दोन्ही उत्तरपत्रिका त्याच्यापुढे ठेवल्या, तर तो म्हणाला, “सर, त्या दिवशी मला ‘चूक’ दिसलंच नाही.” एका मुलाचा हा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. पण अपुऱ्या झोपेबद्दल शास्त्र जे सांगते त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो. झोप कमी पडली की ज्ञान पुसले जात नाही, लक्ष मध्येच क्षणभर निसटते. आणि जिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात तिथे तो क्षण महाग पडतो.

हे किती महाग, ते पाहा. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रियेची गती आणि अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. आपल्या देशात वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा त्याहून कमी, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठलेला मुलगा रात्री दहाला पुस्तक उघडतो तेव्हा, दुपारी डोळा लागला नसेल तर, तो १८ तास जागा असतो. अशा अवस्थेत आपण कोणाला मोटारसायकलची किल्ली देणार नाही. त्याला आपण गुणोत्तर-प्रमाण शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला म्हणून रागावतो. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेतच होते, हे स्मरणशास्त्रातले आता सर्वमान्य तत्त्व आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास आणि अठरा ते पंचवीसच्या तरुणाला सात ते नऊ तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकत असल्याने त्याला लवकर झोप लागत नाही. आपण याला आळस म्हणतो.

सैन्यातल्या लोकांवर झालेले अभ्यासही हेच सांगतात. अमेरिकी लष्कराच्या एका निवडक तुकडीतल्या अधिकाऱ्यांना २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५३ तासांच्या लढाईच्या सरावात तपासले गेले. उष्मा, अपुरे अन्न, अपुरे पाणी आणि जेमतेम झोप एकत्र आल्यावर त्यांचे लक्ष, स्मरण, प्रतिक्रियेची गती आणि तर्क या सगळ्यांत इतकी घसरण झाली की ती दारूच्या नशेत होणाऱ्या घसरणीहून अधिक मानावी लागली. हे काही कच्चे रंगरूट नव्हते, मुरलेले लोक होते. त्याच देशाच्या नौदलातल्या कमांडो प्रशिक्षणार्थींना तीन दिवसांच्या जागरणानंतर कॅफिन दिले गेले, तेव्हा त्यांची सावधता सुधारली, पण नेमबाजीतला नेम सुधारला नाही. डबाबंद एनर्जी ड्रिंक पिऊन रात्र काढणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. नौदलाच्या भरती केंद्रात रंगरूटांची झोप सहा तासांवरून आठ तासांवर नेली, तेव्हा त्यांचे लेखी परीक्षांतले गुण वाढले. इस्रायली सैन्यात रंगरूटांना किमान सहा तास झोप बंधनकारक केली आणि चालण्याचा एकूण भार कमी केला, तेव्हा पायांच्या हाडांना तडे जाण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. आपल्याकडे नडगीच्या दुखण्याने ऐन भरतीत बाहेर पडणारी मुले प्रत्येक अकॅडमीत असतात. त्यांना ‘कच्चा’ म्हणून घरी धाडले जाते, त्यांच्या झोपेची चौकशी कोणी करीत नाही.

यावर एक आक्षेप निवृत्त जवानांकडून हमखास येतो, आणि तो त्यांनी स्वतः सोसलेल्या अनुभवातून आलेला असल्यामुळे मी तो आदराने ऐकतो. युद्ध झोप पाहून येत नाही; सीमेवर रात्र रात्र जागावे लागते; मग मुलांना आतापासून कठोर करायला नको का? कठोरपणा हवाच, याबद्दल दुमत नाही. पण जागरणाची सवय होत नाही. अपुरी झोप घेणाऱ्याला आपण सरावलो आहोत असे वाटू लागते, त्याच्या चाचण्यांचे आकडे मात्र खाली खालीच जात राहतात. आणि कडक ताणाखाली तर प्रशिक्षित माणसाचीही स्मृती दगा देते. अमेरिकी सैन्यात शत्रूच्या हाती सापडल्यास कसे टिकायचे याचे प्रशिक्षण असते. तिथे समोर बसून उलटतपासणी करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच दिवशी ओळखायला सांगितले, तर तीव्र ताणातून गेलेल्यांपैकी बहुतेकांना तो धड ओळखता आला नाही, असे ५०० हून अधिक प्रशिक्षणार्थींवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अशा वेळी माणसाला तारते ते आधी विश्रांतीच्या, शांत काळात हजार वेळा गिरवून हाडीमाशी खिळलेले कौशल्य. बंदूक उघडणे-जोडणे, नकाशा वाचणे, वायरलेसवर नेमका संदेश देणे हे आधी ताज्या डोक्याने शिकायचे आणि पक्के झाल्यावर दमलेल्या अंगाने करून पाहायचे, हा क्रम आहे. जवानांची लढाऊ शारीरिक क्षमता तपासताना पूर्ण साहित्यासह पाच किलोमीटर धावायला लावतात, दोरावर चढवतात. पण ती चाचणी शिकून तयार झालेल्या जवानाची असते. गावातून नुकत्याच आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘रगडा’ देणे म्हणजे शिकवण्याच्या जागी परीक्षा घेणे आहे. अंगाला न झेपणाऱ्या धावण्याने जीव जातात, हेही आपण विसरू नये: २०१४ साली मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले होते.

सांगली-साताऱ्याच्या मातीला हे नवे सांगण्याचीही खरे तर गरज नसावी. कुस्तीच्या तालमीत मल्लाचा दिवस कसा असतो, ते आठवावे. पहाटे जोर-बैठका आणि लढती, मग खुराक, मग दुपारी अंधाऱ्या खोलीत झोप, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. दुपारी झोपणाऱ्या मल्लाला वस्ताद आळशी म्हणत नाही. न झोपणाऱ्याला दम देतो. कारण थकलेल्या अंगाने डाव सुचत नाही, हे तालमीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, ते चपळाईच्या आणि डावपेचांच्या जोरावर. अंगाने ते काही आडदांड नव्हते. कुस्तीत पाय, श्वास आणि विचार एकाच क्षणी चालवावे लागतात. सैनिकालाही हेच करावे लागते: गोळी झाडायची की थांबायचे, याचा निर्णय धावून धापा टाकत असतानाच घ्यायचा असतो. आपल्या भरती अकॅडम्यांनी शिस्त परेडच्या मैदानावरून उचलली, पण शेजारच्या तालमीतली विश्रांतीची रीत मात्र उचलली नाही.

आणखी एक अंतर मला अस्वस्थ करते. सैनिक शाळेतल्या मुलाला पीटी, अभ्यास, खेळ, जेवण आणि दिवे मालवण्याची वेळ हे सगळे एका आखणीत मिळते. त्याच्यासाठी शरीर आणि बुद्धी हे दोन वेगळे विषय नसतात. पुढे अधिकारी म्हणून निवड होताना सेवा निवड मंडळाच्या मैदानी कसोट्याही तशाच असतात. फळ्या, दोर आणि पिंपे देऊन अडथळा पार करायला सांगतात, आणि उमेदवार किती उडी मारतो याइतकेच तो काय योजतो आणि सोबत्यांना कसे घेऊन जातो तेही पाहतात. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्या सैनिक शाळेचेच विद्यार्थी. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात ते हुतात्मा झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाच्या अटीत सवलत घेऊन निवड पार केली आणि चेन्नईतले प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ साली त्या लष्करात अधिकारी झाल्या. तिशी उलटल्यावर शरीर आणि अभ्यास दोन्ही नव्याने उभे करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. मग ज्या मुलाला सहावीत प्रवेश परीक्षा देण्याची संधीच मिळाली नाही, ज्याचे वडील ऊसतोडीला जातात, त्याच्या वाट्याला तीच समतोल आखणी का येऊ नये? जवान आणि अधिकारी यांच्यात अंतर असेल. पण नीट झोपण्याचा आणि विचार करण्याचा हक्क दोघांचा सारखाच असायला हवा.

मुलींच्या बाबतीत तर साधी रक्ततपासणीही होत नाही, याचे वाईट वाटते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींचा प्रवेश २०२१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खुला झाला, पोलीस भरतीत आणि लष्करी पोलिसांत मुली हिरिरीने उतरत आहेत. अशा मुलीचे आठशे मीटर वेळेत बसत नसेल किंवा तिचे वर्गात लक्ष लागत नसेल, तर आधी हिमोग्लोबिन पाहावे. लोह कमी असेल तर पायांना आणि मेंदूला प्राणवायू एकाच वेळी अपुरा पडतो. अमेरिकी लष्करात मूलभूत प्रशिक्षण घेणाऱ्या महिलांना लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा ज्यांना लोहाच्या अभावाने रक्तक्षय होता त्यांची धावण्याची वेळ आणि मनाची उभारी दोन्ही सुधारली. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

अग्निपथ योजनेने हा विषय आणखी निकडीचा केला आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतील आणि बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर घरी परततील. पहिल्या तुकड्या २०२२–२३ च्या हिवाळ्यात प्रशिक्षणाला गेल्या होत्या. परतणाऱ्या तरुणाच्या हाती सेवानिधीची, म्हणजे सेवा संपताना मिळणारी एकरकमी रक्कम असेल. पण पुढची चाळीस वर्षे त्याला ज्यावर काढायची आहेत ते त्याचे शिकू शकणारे डोके आहे. भरतीच्या वर्षांत गुडघे झिजवून आणि पाठांतराने कंटाळवून सोडलेला मुलगा पुन्हा पुस्तकाकडे वळेल, अशी आशा कोणी धरू नये.

मग करायचे काय? भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या निवासी अकॅडम्यांची जिल्हा पातळीवर नोंदणी व्हावी आणि त्यांना थोडेच पण पक्के निकष लावावेत: प्रवेशाच्या वेळी आणि दर काही महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, रात्री किमान सात तास अंधार आणि शांतता, मैदानावर पाणी आणि प्रथमोपचाराची सोय, उन्हाळ्यात सकाळी दहानंतर धावण्यास मनाई. वेळ लावून सोळाशे आठवड्यातून एकदा पुरे. पेपरचे कठीण तास दुपारी तीनला ठेवण्याऐवजी सकाळच्या मेहनतीनंतर, न्याहारी होऊन तासभर गेल्यावर ठेवावेत; व्यायामानंतर सावरलेल्या मेंदूचे लक्ष चांगले लागते, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे. माध्यमिक शाळांनी नववी-दहावीचा खेळाचा तास गणिताला देणे थांबवावे. गणिताचा शिक्षक म्हणूनच मी हे म्हणतो आहे.

यातले काहीच फार खर्चाचे नाही, तरीही अकॅडमी चालवणारे कचरतात. त्यांची अडचण मला समजते. पालक पाहणीला येतात तेव्हा पहाटे चारची शिट्टी हीच त्यांना शिस्तीची खूण वाटते. सहाला उठवणाऱ्या अकॅडमीत मुलाला कोण घालील, असे एका चालकांनी मला कळकळीने विचारले होते. त्यामुळे सुरुवात पालकांपासूनच व्हावी लागेल. चौकशीला आलेल्या आईवडिलांनी मागच्या वर्षी किती मुले लागली हे जरूर विचारावे, आणि त्याबरोबर वसतिगृहातले दिवे रात्री किती वाजता बंद होतात, डॉक्टर शेवटचे कधी येऊन गेले आणि किती मुले पायाच्या दुखण्याने घरी गेली, हेही विचारावे. अशी चौकशी दहा घरांतून झाली, तर वेळापत्रक बदलण्यासाठी चालक कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहत बसणार नाहीत.